तेरा तारखेची सही

॥ श्री ॥

कोलकाता
८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
चैत्रालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लांबलं. रागावली असशीलच, म्हणून सोबत खजुराच्या गुळाची ढेप पाठवते आहे. आधी ती फोड, एक खडा तोंडात टाक आणि मग पुढचं वाच. तुझा राग गुळापुढे फार टिकत नाही हे बाबांनी मला लहानपणीच सांगून ठेवलं आहे.

बाबांनीच फोनवर सांगितलं की पुण्याहून खास आणून दिलेलं कानाचं नवं यंत्र तू डब्यात घालून ठेवलंस, कारण ते लावलं की स्वतःच्या चपलांचा आवाज फार होतो. ते वैतागले आहेत. मला मात्र आतून बरं वाटलं. तू फोनवर ऐकू लागलीस तर ही पत्रं बंद होतील, आणि मग माझं मराठी कोण तपासणार? गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या मुलीला चार ओळी धड लिहिता येतात त्या तुझ्या लाल खुणांमुळेच.

तू विचारलं होतंस की टीचिंग असिस्टंट म्हणजे शिकणारी की शिकवणारी. दोन्ही, आणि धड कुठलीच नाही. चार दिवस मी माझ्या गाईडपुढे मान खाली घालून बसते आणि गुरुवारी बारा ते पाच फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाची चोवीस मुलं माझ्यापुढे मान खाली घालून बसतात. ती मला चैत्रालीदी म्हणतात. मी त्यांना उपकरणं लावून देते, चुका दाखवते, वह्या तपासते. फेलोशिप संपल्यापासून मी याच कामावर इथे टिकून आहे. मार्चअखेर मुदत संपते. लॅबचे प्रमुख बागची सर यांनी शिफारस केली की आणखी सहा महिने मिळतील आणि तेवढ्यात थिसिस हातावेगळा होईल. एकदा नावामागे डॉक्टर लागलं की तू सांगशील तिथे मिरवायला येईन.

बागची सरांचा एकच कडक नियम आहे. रीडिंग ज्या गुरुवारी, त्याच गुरुवारी पानावर टीएची लाल सही, तारखेसकट. सही नाही तर तो प्रयोग झालाच नाही. तुला हे नवीन नाही, तुझी चौतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांच्या जर्नल्समध्येच गेली.

माझ्या वर्गात स्नेहा मंडल नावाची एक मुलगी आहे. हावड्याच्या पलीकडे, उलुबेरियाहून येते. संध्याकाळी सहाला तिच्या घरी शाळेतल्या दहा-बारा मुलांची शिकवणी असते, घर त्यावर चालतं. साडेतीनला निघाली नाही तर गाडी चुकते, आणि आमचा प्रयोग तर पाचपर्यंत चालतो. मुलगी हुशार आहे गं, आणि हात इतका स्थिर की तसा माझाही नाही. तिची अडचण मी माझ्या परीनं सोडवली आहे. कशी ते विचारू नकोस.

सोमवारी भुवनेश्वरला आठवड्याच्या कार्यशाळेला निघते. माझ्या जागी गुरुवारी रोहन लॅब सांभाळेल. तो माझ्यासारखाच टीए, पण नियमाला माझ्याहून पक्का. रोहन म्हणतो की तिथून जवळचा समुद्र बघून ये, पेपर काय कुठेही वाचता येतो.

तब्येतीला जप. लोभ आहेच, फक्त गूळ संपल्यावर तो कमी करू नकोस.

तुझी,
चैत्राली

॥ श्री ॥

सांगली
१५ फेब्रुवारी २०२५

चि. चैत्रालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गूळ पोचला. पोस्टानं त्याचे तीन तुकडे केले, उरलेले मी केले. शेजारच्या मानसीला एक दिला तर ती म्हणाली की याला धुराचा वास येतो. तिला म्हटलं, तेच तर त्याचं मोठेपण, तुला कळायचं नाही. मग तिनं आणखी एक मागून घेतला.

यंत्राबद्दल सुधाकरला सांग की मी ते रविवारी लावते. रविवारी कुणी बोलायला येत नाही, त्यामुळे त्रास होत नाही.

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका दोनच, आणि रोहनचं नाव मात्र एकाच परिच्छेदात दोनदा. लाल खूण कशाला करायची ते मला समजेना. तो मासे खातो हे गृहीत धरते. तुला रांधावे लागतील की तोच रांधतो, एवढं फक्त कळव.

आता त्या मुलीचं. विचारू नकोस म्हणतेस, म्हणूनच विचारते. अडचण सोडवलीस म्हणजे काय केलंस? लॅबमधल्या अडचणी दोनच प्रकारांनी सुटतात, एक नियमानं आणि दुसरा दयेनं. दयेनं सोडवलेल्या फार दिवस सुटलेल्या राहत नाहीत. मी तुझ्यावर संशय घेत नाही. तुझा स्वभाव तुझ्या आजीवर गेला आहे आणि तिनं दारावर आलेल्या प्रत्येक माणसाला जेवू घालून घरच्यांना उपाशी ठेवलं होतं, एवढंच आठवलं.

थंडी संपत आली असेल तिकडे. तरी सकाळचं स्वेटरशिवाय बाहेर पडू नकोस. थिसिसची पानं किती झाली ते लिही, खोटा आकडा नको.

तुझ्यावरचा माझा लोभ आहे तसाच आहे, वाढायला आता जागा राहिलेली नाही.

तुझी,
शैलाआत्या

कोलकाता
रविवार, २ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस, आणि मी उत्तर द्यायला उशीर केला. आता सांगते. हे आई-बाबांना कळता कामा नये.

स्नेहाची अडचण मी अशी सोडवली होती. तिनं गुरुवारी साडेतीनपर्यंत उपकरण लावायचं, बाकी रीडिंग शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत घ्यायची. लॅब तेव्हा उघडी असते. पण पानावर सही हवी गुरुवारची. म्हणून मी गुरुवारी कोऱ्या पानावर सही करून तारीख घालून द्यायची आणि ती दुसऱ्या दिवशी पान भरायची. दोनदा असं झालं. दोन्ही वेळा तिनं रीडिंग घेताना मी स्वतः डोकावून पाहिलं होतं. मग मला भुवनेश्वरला जायचं होतं आणि रोहन असं काही करणार नाही हे माहीत होतं. म्हणून निघण्याआधीच्या गुरुवारी, सहा तारखेला, मी तिला पुढच्याही पानावर सही करून दिली. खाली तारीख घातली तेरा फेब्रुवारी.

तेराला मी भुवनेश्वरला होते, आत्या. साऱ्या डिपार्टमेंटला माहीत होतं. त्या दिवशीच्या तेवीस वह्यांत रोहनची सही आहे आणि एका वहीत माझी.

परवाच्या गुरुवारी सरांनी वह्या मागवून घेतल्या. मला खोलीत बोलावलं. स्नेहाची वही उघडून पुढे सरकवली आणि फार आपुलकीनं म्हणाले की तुझी सही या मुलीनं हुबेहूब गिरवली आहे, तुला मनस्ताप झाला याचं वाईट वाटतं. मी इथे नसताना माझी सही वहीत आली, म्हणजे ती खोटीच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. आणि मी मान हलवली. तोंडातून शब्द काढला नाही, पण मान हलवली, आणि ती हो अशी हलली.

आता सही माझी नाही असं मी दोन ओळींत लिहून द्यायचं आहे. सोमवारी, दहा तारखेला, कागद शिस्तपालन समितीकडे जाईल. स्नेहाला या सत्राच्या परीक्षेला बसू देणार नाहीत. वर्ष गेलं की शिकवणी घेणाऱ्या मुलीच्या हाती मुलंही कोण सोपवणार? आणि मी खरं सांगितलं तर सर माझी शिफारस करणार नाहीत. कोऱ्या पानावर सही करणाऱ्या टीएला कोण ठेवेल? थिसिसची शेवटची दोन प्रकरणं राहिली आहेत. पाच वर्षं झाली या कामाला.

सगळ्यात वाईट पुढे आहे. सरांनी स्नेहाला विचारलं तेव्हा ती गप्प राहिली. सही दीदीनंच दिली असं ती एका वाक्यात सांगू शकली असती. सांगितलं नाही. शुक्रवारी जिन्यात भेटली तर मला वाटलं आता रडेल, भांडेल. तिनं फक्त विचारलं की येत्या गुरुवारचा प्रयोग तोच आहे की बदलला. मी म्हटलं तोच आहे.

मी ते पान पुन्हा पाहिलं. सहा रीडिंगपैकी दोन खोडून बाजूला नीट पुन्हा लिहिली आहेत. ती मुलगी शुक्रवारी एकटी बसून खरी रीडिंग घेत होती. खोटी असती तर सगळी सुबक असती.

मी काय करू? तू सांगशील तसं करीन. स्पीड पोस्टनं उत्तर पाठव.

तुझी,
चैत्राली

सांगली
गुरुवार, ६ मार्च २०२५

चि. चैत्रालीस आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता दुपारी आलं. हे लगेच पोस्टात टाकते आहे. खिडकीवरची मुलगी म्हणते सोमवारच्या आत पोचेल. मानसीच्या मोबाइलवरून निरोप धाडणार होते, पण हे असलं दुसऱ्याच्या तोंडून कसं सांगायचं?

नीट ऐक. लिहून दे की सही तुझी नाही.

मला पाषाणहृदयी म्हण हवं तर. त्या मुलीचं एक सत्र जाईल, फार तर वर्ष. ती हुशार आहे, पुन्हा उभी राहील. मी चौतीस वर्षांत अशा कितीतरी मुली पाहिल्या. तुझी मात्र पाच वर्षं जातील, आणि ती परत मिळत नसतात. आपल्या घरात आजवर कुणी डॉक्टरेट केलेली नाही. सुधाकर पुण्यात सगळ्यांना सांगत सुटला आहे. मी सत्तरीला आले, मला तुझ्या नावामागे ती दोन अक्षरं पाहायची आहेत. हा माझा स्वार्थ समज.

तू वाईट हेतूनं काही केलेलं नाहीस. पुढे नोकरी लागली की त्या मुलीला हवी तशी मदत कर. आत्ता स्वतःला वाचव. रडत बसू नकोस आणि जेवण चुकवू नकोस.

तुझी,
आत्या

सांगली
शुक्रवार, ७ मार्च २०२५

चि. चैत्रालीस आशीर्वाद.

कालचं पत्र फाडून टाक. ते पोस्टात टाकून घरी आले आणि भाकरी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही. आज सकाळी पुन्हा पोस्टात जाऊन ते परत मागितलं. ती मुलगी म्हणाली, थैली काल संध्याकाळीच गेली. तेव्हा हे दुसरं.

तुला एक गोष्ट सांगते, जी मी सुधाकरलाही सांगितलेली नाही. एकोणीसशे चौऱ्याण्णवमध्ये आमच्या लॅबच्या कुलुपाच्या कपाटातून प्लॅटिनमची मूस गेली. रसायनं तापवायची, पेल्याएवढी छोटीशी वस्तू, पण साऱ्या लॅबमध्ये तेवढीच मोलाची. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे असत. ती कुठे गेली हे मला ठाऊक होतं. आमच्याकडचे एक प्राध्यापक, मी त्यांचं नाव लिहीत नाही, स्वतःच्या संशोधनासाठी दोन दिवसांकरता म्हणून घेऊन गेले होते. रजिस्टरमध्ये लिहू नका, परवा परत ठेवतो, म्हणाले. मीच ती कापसात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. माणूस फार चांगला होता. मॅट्रिक झालेल्या मला त्यांनी रसायनांची नावं, सूत्रं, सगळं बसवून शिकवलं होतं. त्यांनी मागितल्यावर मी रजिस्टर उघडणार होते का?

मूस त्यांच्याकडून हरवली. दरम्यान तपासणी आली. प्राचार्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि मला विचारलं. मी त्या प्राध्यापकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग मीही गप्प राहिले. मला वाटलं, आज नाही तर उद्या सांगतील. आपण सांगितलं तर त्यांना खोटं पाडल्यासारखं होईल.

मला कामावरून काढलं नाही, पुरावा नव्हता. फक्त किल्ल्या काढून घेतल्या. नंतरची एकोणीस वर्षं मी रोज सकाळी माझ्यानंतर लागलेल्या शिपायाकडे हात पसरून कपाटाच्या किल्ल्या मागत होते. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा. कुणी मला तोंडावर चोर म्हणालं नाही. पण कपाट उघडलं की कुणी ना कुणी माझ्या मागे येऊन उभं राहायचं.

ते प्राध्यापक मला सणावाराला भेटत, तब्येत विचारत. मूस मी नेली होती, हे वाक्य मात्र त्यांनी कधी उच्चारलं नाही. मागच्या दिवाळीनंतर पेपरात त्यांच्या निधनाची बातमी वाचली. माणूस गेल्याचं दुःख होतंच. त्याहून मोठं हे, की आता ते कुणीच सांगणार नव्हतं.

काल तुला पत्र लिहिताना मी त्यांच्यासारखीच खिडकीबाहेर बघत होते. त्या मुलीचं वर्ष जाईल एवढंच नाही गं. ती आयुष्यभर तुझ्या वाक्याची वाट पाहील. माझ्याकडे पाहून सांग, काय करायचं ते.

हे पत्र उशिरा पोचलं तर मला क्षमा कर. माझ्या हातून दुसऱ्यांदा चूक झाली असं समजेन.

तुझी,
शैलाआत्या

कोलकाता
शुक्रवार, ७ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट बघणार होते. सोमवारपर्यंत वेळ होता. पण राहवलं नाही.

काल गुरुवारची लॅब होती. निकाल लागेपर्यंत स्नेहाला उपकरणाला हात लावायला मनाई आहे. तरी ती आली आणि मागच्या स्टुलावर वही मांडीवर ठेवून बसून राहिली. साडेतीन वाजले, ती उठली नाही. साडेचार झाले तरी तिथेच. मी जवळ जाऊन विचारलं की गाडी चुकेल, शिकवणीचं काय? ती म्हणाली की गुरुवारची शिकवणी तिनं बंद केली आहे. आता ती पाचपर्यंत थांबत जाईल, म्हणजे यापुढे कुणाला तिच्यासाठी काही करावं लागणार नाही. हे तिनं मला टोचून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. ती माझी समजूत घालत होती.

आज सकाळी सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की तेरा तारखेची सही माझी आहे. सहा तारखेला केली, कोऱ्या पानावर, माझ्या मनानं. तिनं मागितलीसुद्धा नव्हती. आणि त्या दिवशी मी जी मान हलवली ती खोटी होती.

सरांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. मग त्यांनी एकच विचारलं, की हे सांगायला आठ दिवस का लागले. मी म्हटलं, भीती वाटली. ते म्हणाले की त्यांनाही आत्ता भीतीच वाटते आहे, कारण मुलीला नीट न विचारता ते तो कागद वर पाठवणार होते. नंतर त्यांनी स्नेहाला बोलावून घेतलं आणि माझ्यादेखत तिची माफी मागितली. ती इतकी गोंधळली की तिनंच उलट त्यांना सॉरी म्हटलं.

प्रकरण समितीकडे जाणार नाही. त्या पानाचे गुण गेले, पण येत्या गुरुवारी सरांसमोर तिला तो प्रयोग पुन्हा करता येईल. वेळेचा नियम मात्र बदलला. लांबून येणाऱ्यांना आता शुक्रवारी उघडपणे रीडिंग घेता येईल, शुक्रवारचीच तारीख घालून. हे आधी विचारलं असतं तर आधीही झालं असतं, असं सर म्हणाले. मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मी परस्पर उदार झाले.

माझी शिफारस ते करणार नाहीत. कठोरपणे नाही बोलले, पण स्पष्ट बोलले. एप्रिलपासून मी टीए नसेन. गडियाहाटच्या एका क्लासमध्ये आठवड्याचे तीन दिवस शिकवायला मिळतंय. थिसिस जूनऐवजी डिसेंबरात जाईल, किंवा त्याही पुढे. संध्याकाळी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, जेवलीस का.

तू काय सांगितलं असतंस ते मला माहीत आहे, म्हणून धीर झाला. मनातून तुझं ऐकूनच गेले.

तुझी,
चैत्राली

कोलकाता
बुधवार, १२ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं काल एकदम आली. मी तारखा बघून क्रमानं उघडली.

पहिलं वाचलं. तू काय सांगशील ते मला माहीत आहे असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, आणि तू तर नेमकं उलट सांगितलेलं. खरं बोलते, मी सोमवारपर्यंत थांबले असते आणि हे एकटंच पत्र आलं असतं, तर मी ते मानलं असतं. तुझ्या अक्षरातलं काही मी आजवर मोडलेलं नाही. फार थोडक्यात वाचले मी. तरी ते पत्र फाडलं नाही. माझ्यासाठी कुणी स्वतःच्या तत्त्वाला एक दिवस मुरड घातली, त्याचा पुरावा मी ठेवून देणार आहे. एका दिवसात भाकरी करपवून पुन्हा पोस्टात धावलीस, त्याचाही.

दुसरं पत्र मी हॉस्टेलच्या गच्चीवर वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना वाटलं की मी त्या कॉलेजची कुणी नाही आणि त्या वेळी माझा जन्मही झाला नव्हता. तरी हे मला लिहिता येतं, कारण मला ते माहीत आहे. गेल्या आठवड्यात दोन ओळी लिहून द्यायच्या राहिल्या, त्यांऐवजी या घे. याला तुझ्या लाल खुणा चालतील, पण मजकूर बदलू नकोस.

मी, चैत्राली सुधाकर जोगळेकर, लिहून देते की एकोणीसशे चौऱ्याण्णव साली लॅबच्या कपाटातून गेलेली प्लॅटिनमची मूस शैला विष्णू जोगळेकर यांनी घेतलेली नव्हती. ती त्यांनी विश्वासानं एका प्राध्यापकांच्या हाती दिली आणि ती त्या प्राध्यापकांकडून हरवली. शैला जोगळेकर यांचा त्यात काहीही दोष नव्हता. त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या, तो त्यांच्यावर अन्याय झाला. हे मी आज, बारा मार्च दोन हजार पंचवीस रोजी, पूर्ण मजकूर लिहून झाल्यावर सही करून देत आहे.

चैत्राली सुधाकर जोगळेकर

सांगली
१८ मार्च २०२५

चि. चैत्रालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. लाल पेन हातात घेतलं होतं, ते परत ठेवलं.

थिसिस डिसेंबरात जावो की त्यानंतरच्या डिसेंबरात, मी आहे. यापुढे असं काही आलं तर माझ्या पत्राची वाट पाहू नकोस. आधी करून मोकळी हो आणि मग मला कळव. सुट्टीत इकडे ये, दोन प्रकरणं इथे बसून लिही. मी आवाज करत नाही आणि तू केलास तर मला त्रास नाही.

काल मानसी आली होती. तिला मी तुझं पत्र दिलं आणि शेवटचा कागद मोठ्यानं वाचायला सांगितला. ती म्हणाली, आत्या, तुम्हाला कुठे ऐकू येणार आहे? मी म्हटलं, तरी वाच. ती दारात उभी राहून वाचू लागली. मी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले आणि तिचे ओठ बघत राहिले. माझं नाव आलं ते मला कळलं. संपल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी तिला म्हटलं, पुन्हा एकदा वाच.

तुझी,
शैलाआत्या